रोलप्लेइंगसाठी स्वतःचे, वेगळे पात्र कसे घडवावे

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांची सुरुवात गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या, १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून मानली जाते. त्यानंतर शेकडो खेळ आले आणि नियम बदलत गेले, तरी मूळ मांडणी तीच राहिली. गेम मास्टर जग उभे करतो, बाकीचे खेळाडू एकेक पात्र चालवतात आणि जिथे निकाल कोणत्याही बाजूला झुकू शकतो तिथे फासे टाकले जातात. पुण्यात सुटीच्या दिवशी असे खेळ मांडणाऱ्या मित्रमंडळींमध्ये नव्या खेळाडूचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: माझे पात्र इतरांपेक्षा वेगळे कसे दिसेल? त्याचे उत्तर शोधताना बहुतेक जण डोळ्यांचा रंग, जखमेची खूण, गूढ भूतकाळ आणि लांबलचक वंशावळ यांच्या मागे लागतात. हे सगळे पहिल्या दहा मिनिटांत सांगून होते आणि पुढचे तीन तास टेबलावर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

पात्र वेगळे ठरते ते निर्णयामुळे. समोर एकच प्रसंग असताना बाकीचे चौघे जे करतील ते हे पात्र करणार नाही आणि ते का करणार नाही हे सगळ्यांना पटेल, एवढे साधले की पात्र लक्षात राहते. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोहोचण्यासाठी आहेत. उदाहरणासाठी मी एकच पात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवून दाखवणार आहे, कारण सुटे नियम वाचायला सोपे असले तरी वापरताना हाती लागत नाहीत.

आधी खेळ समजून घ्या

पात्राबद्दल एक ओळही लिहिण्यापूर्वी गेम मास्टरशी बोलावे. खेळ कोणत्या काळातला आहे, किती बैठका चालणार आहे, त्यात लढाया जास्त आहेत की शोध आणि संवाद, मृत्यू किती सहज येतो, हे ठाऊक नसताना घडवलेले पात्र कितीही सुंदर असले तरी अधांतरी राहते. खेळ सुरू होण्याआधी केवळ या चर्चेसाठी सगळ्यांनी एकत्र बसण्याला ‘सेशन झिरो’ म्हणतात आणि ती बैठक टाळू नये असे माझे ठाम मत आहे. कोणते विषय टेबलावर नकोत हेही त्याच बैठकीत ठरवावे. लहान मुलांवरील अत्याचार, लैंगिक हिंसा, एखाद्या खेळाडूच्या घरात नुकतेच घडलेले दुःख अशा गोष्टी खेळाच्या ओघात अचानक समोर आल्या तर ती संध्याकाळ कोणासाठीच चांगली राहत नाही. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेले ‘एक्स कार्ड’ अनेक गट टेबलावर ठेवतात. त्या कार्डाला कोणी हात लावला की चालू प्रसंग कारण न विचारता बदलायचा, एवढाच त्याचा नियम.

आपल्या उदाहरणासाठी खेळ असा धरू. काळ जुलै १९६१, स्थळ पुणे. पानशेतचे मातीचे धरण १२ जुलैला सकाळी फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. पूर ओसरून चार दिवस झाले आहेत. वाडे ढासळले आहेत, गाळ उपसणे चालू आहे, दिवे नाहीत, पिण्याच्या पाण्याची वानवा आहे आणि कोणाच्या तरी माजघराच्या पडलेल्या भिंतीतून असे काहीतरी बाहेर आले आहे, जे तिथे असायला नको होते. शोधाचा खेळ, सहा बैठका, लढाई जवळजवळ नाहीच.

कामधंद्यापासून सुरुवात करा

नवे खेळाडू स्वभावापासून सुरुवात करतात: शूर, मिश्कील, अबोल. माझ्या अनुभवात कामापासून केलेली सुरुवात फार लवकर फळते. माणूस दिवसभर हाताने काय करतो, त्याची साधने कोणती, त्याला पैसे कोण देतो, त्याच्या कामात चूक झाली तर कोणाचे नुकसान होते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की स्वभाव आपोआप दिसू लागतो. पुण्यासारख्या शहरात अशा कामांची ददात नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन मठारकाम करणारा कारागीर, मंडईत पहाटे माल उतरवून घेणारा अडत्या, वेधशाळेत पावसाच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी, अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तके घेणारा-विकणारा दुकानदार: यांतल्या प्रत्येकाला जग वेगळे दिसते आणि वेगळे ऐकू येते.

हे काल्पनिक जगातल्या खेळालाही लागू पडते. समजा, तुम्हाला बुटका, दाढीवाला, कुऱ्हाड चालवणारा योद्धा खेळायचा आहे. असे योद्धे हजारोंनी झाले. पण तो आधी तांबट होता आणि धातूवर टिचकी मारून त्याची जाडी ओळखायची त्याला सवय आहे असे ठरवले, तर तो प्रत्येक दार, प्रत्येक ढाल, प्रत्येक नाणे आधी वाजवून पाहील. गेम मास्टरला त्यातून पोकळ भिंत सापडवता येईल, खोटे नाणे ओळखू देता येईल आणि खेळाडूला हाताला काहीतरी काम मिळेल.

आमचे पात्र मोडी वाचणारी बाई आहे. वय ३४, राहणार शनिवार पेठ. जुनी खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे मोडीत असतात. दिवाणी दाव्यांसाठी ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून द्यावी लागतात. हे काम तिला वडिलांनी शिकवले. नवरा कोर्टात कारकून आहे. कागद तो घरी आणतो, ती रात्री बसून ते उतरवते आणि नकलेखाली सही त्याची होते. पानाला आठ आणे मिळतात.

इथे थोडे थांबून कामाच्या आत शिरायला हवे, कारण खरे घबाड तिथेच असते. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, त्यामुळे दोन शब्दांमध्ये जागा सुटतेच असे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळला जात नाही. लिहिणाऱ्याचा हात बदलला की अक्षराचे वळण बदलते. म्हणजे वाचणाऱ्याला सतत ठरवावे लागते की शब्द कुठे तुटतो, हे नाव आहे की गावाचा उल्लेख, हा आकडा रुपयांचा आहे की बिघ्यांचा. वर्षानुवर्षे हे करणारी बाई माणसांकडेही तशीच पाहील. समोरच्याचे वाक्य कुठे तुटते तिकडे तिचे लक्ष असेल, एकच गोष्ट दोन प्रकारे लावून पाहिल्याशिवाय ती मत देणार नाही आणि घाईने बोलणाऱ्यावर तिचा विश्वास बसणार नाही. हे तीन स्वभावविशेष मला शोधावे लागले नाहीत. ते कामातूनच आले. म्हणून पात्राच्या कामाविषयी अर्धा तास वाचन करावे, शक्य असल्यास ते काम करणाऱ्या माणसाशी बोलावे. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तांबट आळीत उभे राहून काम पाहता येते, मंडईत पहाटे जाता येते. घरबसल्या कल्पनेने रचलेल्या तपशिलापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेला एक तपशील टेबलावर जास्त टिकतो.

हवे ते ठोस असू द्या

पात्राला काहीतरी हवे असले पाहिजे आणि ते एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘तिला न्याय हवा आहे’, ‘त्याला स्वतःचा शोध घ्यायचा आहे’ ही वाक्ये टेबलावर कामाची नाहीत, कारण त्यांतून पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे ते कळत नाही. हवी असलेली गोष्ट डोळ्यांना दिसणारी असावी, ती मिळाली की नाही हे सांगता यावे आणि ती मिळवायला इतरांची मदत लागावी. तिसरी अट सगळ्यांत महत्त्वाची आहे, पण नेमकी तीच विसरली जाते. एकट्याने साधणारे ध्येय घेऊन आलेले पात्र गटाबरोबर फिरायला कारणच शिल्लक ठेवत नाही.

आमच्या बाईला एका नकलेखाली स्वतःचे नाव लिहायचे आहे आणि ती नक्कल कोर्टात मान्य झालेली पाहायची आहे. पुरानंतर ओल्या दप्तरांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडले जात आहेत, मोडी वाचणारे कमी पडत आहेत आणि लोक सरळ तिच्या दारी येत आहेत. संधी याच आठवड्यात आहे.

आता हव्या असलेल्या गोष्टीच्या आड येणारे काहीतरी लागते आणि ते पात्राच्या स्वतःच्या हातून घडलेले असेल तर उत्तम. पाच वर्षांपूर्वी एका भाडेकरूचे बिऱ्हाड रस्त्यावर येऊ नये म्हणून तिने एका खताची नक्कल करताना एक ओळ जाणूनबुजून गाळली. दावा भाडेकरूने जिंकला. मूळ कागद मालकाच्या वाड्यात कुठेतरी पडून होता आणि पुराने तो वाडा उघडा पडला आहे. नकला आपणच करतो हे तिने जगाला सांगितले, तर ती गाळलेली ओळही तिचीच ठरते. गप्प राहिली तर नवरा अडकतो.

पात्रात अंतर्विरोध हवा असे सगळेच सांगतात, पण नवे खेळाडू दोन विरुद्ध विशेषणे शेजारी ठेवून मोकळे होतात: क्रूर पण प्राणिप्रेमी, विद्वान पण भित्रा. ही नुसती सजावट झाली. खरा अंतर्विरोध असा असतो की पात्राला हवी ती गोष्ट मिळवण्याचा रस्ता त्याला लपवायच्या गोष्टीवरूनच जातो. असा सांधा जुळला की गेम मास्टरला कथानक बाहेरून लादावे लागत नाही.

भूतकाळ अर्ध्या पानात संपवा

काही खेळाडू पंधरा पानांचा भूतकाळ लिहून आणतात. त्यामागची हौस मला मनापासून आवडते, तरीही अर्ध्या पानापलीकडे जाऊ नये असेच मी सांगेन. भूतकाळात सगळ्या रोमहर्षक गोष्टी घडून गेल्या असतील तर खेळात घडायला काय उरले? शिवाय गेम मास्टरला त्यातला एखादा धागा उचलायचा असतो आणि पंधरा पानांत तो सापडत नाही. आईवडील मारले गेलेला, कोणावर विश्वास न ठेवणारा एकटा सूडकरी आणि स्मृती गेलेला अनोळखी माणूस ही दोन पात्रे शक्यतो टाळावीत. पहिल्याला कोणाशीच देणेघेणे नसते आणि दुसऱ्याजवळ निर्णय घेण्यासाठी आधारच नसतो. भूतकाळात एक अपुरा व्यवहार, एक जिवंत माणूस आणि एक जागा एवढे असले की भागते. हातचे राखून ठेवलेले गुपित गेम मास्टरला मात्र आधीच सांगावे. त्याला ठाऊक नसलेले गुपित खेळात कधीच येऊ शकत नाही.

तीन प्रसंगांची कसोटी

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो आणि ती वगळून टेबलावर येऊ नये असा माझा आग्रह असतो. एका कागदावर तीन प्रसंग लिहावेत. पहिल्यात पात्राला लागत असलेली गोष्ट कोणीतरी चुकीच्या किमतीला देऊ करतो. दुसऱ्यात सोबतचे पात्र आपल्यासमोर खोटे बोलते. तिसऱ्यात हवी असलेली गोष्ट मिळते, पण त्यात दुसऱ्या कोणाचे तरी जाते. प्रत्येक प्रसंगात आपले पात्र काय करील ते दोन-तीन वाक्यांत लिहावे. भावना लिहू नयेत, कृती लिहावी.

आमच्या बाईचे पाहू. गटात तिच्यासोबत आणखी तीन पात्रे आहेत: पीएमटीचा, म्हणजे शहर बससेवेचा, कंडक्टर, बी. जे. मेडिकलमधला विद्यार्थी आणि एक तांबट. रात्री एका वाड्याच्या मालकाचा माणूस ओले रुमाल घेऊन येतो आणि ‘असे वाचा की हद्द विहिरीपर्यंत जाईल’ असे म्हणून पानाला पाच रुपये पुढे करतो. ती पैसे घेत नाही, पण कागदही परत करत नाही. सुकवल्याशिवाय वाचता येणार नाही असे सांगून तो रात्रभर ठेवून घेते, कारण एकदा हाती आलेला कागद अर्धा वाचून सोडणे तिला जमत नाही. दुसरा प्रसंग: सोबतचा पीएमटीचा कंडक्टर हवालदाराला खोटे सांगतो. ती त्याला उघडे पाडत नाही आणि दुजोराही देत नाही. हवालदाराला ती असा प्रश्न विचारते की त्याचे लक्ष दुसरीकडे वळेल, आणि नंतर एकांतात कंडक्टरला त्याच्या बोलण्यात नेमकी कुठे विसंगती होती ते दाखवते. तिसरा: मूळ खत सापडते, ते वाचले तर तिचे नाव होईल आणि भाडेकरूचे घर जाईल. इथे मी उत्तर लिहिलेले नाही. तीनपैकी एक प्रसंग मोकळा ठेवावा, कारण तो खेळण्यासाठीच आपण टेबलावर बसतो.

आता उलट तपासणी. हीच उत्तरे गटातल्या दुसऱ्या पात्राच्या नावाखाली ठेवून पाहावीत. बी. जे. मेडिकलमधला विद्यार्थी हे करील का? तांबट करील का? करील असे वाटले तर उत्तर अजून ढोबळ आहे. विद्यार्थी पहिल्या प्रसंगात कागद फेकून देईल आणि आरडाओरडा करील, तांबट पैसे घेईल आणि मालकाला चुकीचा निरोप देईल. चौघांची चार उत्तरे निघाली की चारही पात्रे उभी राहिली. ही कसोटी सगळ्या खेळाडूंनी एकत्र बसून घेतली तर फारच चांगले. पुण्यातल्या एकांकिकांच्या तालमींत वाढलेल्या मुलांना हे पटकन जमते. भूमिकेला प्रश्न विचारण्याची त्यांना सवय असते. त्यांना एवढेच सांगावे लागते की इथे संहिता नाही, दिग्दर्शक नाही आणि टाळ्यांसाठी दुसऱ्याचे वाक्य खायचे नाही.

इतर पात्रांशी बांधून घ्या

प्रत्येक पात्राचा गटातल्या किमान दोघांशी आधीपासून काहीतरी संबंध असावा आणि त्यात थोडे देणे-घेणे असावे. कंडक्टरच्या वडिलांचे वाटणीपत्र आमच्या बाईने उतरवले आहे, त्यामुळे त्याच्या घराबद्दल त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक आहे. तांबटाकडे तिचे लग्नातले घंगाळ गहाण आहे. विद्यार्थी त्यांच्याच वाड्यात जिन्याखालच्या खोलीत राहतो. ‘आम्ही जुने मित्र आहोत’ यापेक्षा गहाण पडलेले घंगाळ कितीतरी जास्त प्रसंग देते. हे संबंध समोरच्या खेळाडूला विचारूनच ठरवावेत. दुसऱ्याच्या पात्राचा भूतकाळ परस्पर लिहू नये.

आकडे बोलके करा

आकड्यांना दुय्यम समजण्याची एक फॅशन आहे आणि ती मला पटत नाही. फासे पात्राला जे करू देतात आणि जे करू देत नाहीत तेच टेबलावर खरे ठरते, म्हणून कथा आणि आकडे यांचा मेळ बसलाच पाहिजे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप अशा सहा क्षमता आहेत. त्यांसाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरीव आकडे वाटून देता येतात किंवा प्रत्येक क्षमतेसाठी चार फासे टाकून सर्वांत लहान अंक सोडून बाकीच्या तिघांची बेरीज घेता येते. बहुतेक जण १५ कुठे ठेवायचा याचा विचार करतात. मी आधी ८ कुठे जाणार ते ठरवायला सांगतो. आठमुळे फाशावर एक गुण कमी होतो आणि वीस बाजूंच्या फाशावर एक गुण म्हणजे पाच टक्के. फरक लहान आहे, पण त्या उणिवेमागे गोष्ट असेल तर ती पुन्हा पुन्हा खेळता येते. शहाणपण ८ असलेला माणूस मूर्ख नसतो. त्याचे लक्ष कुठे नसते ते मात्र ठरवायला हवे.

आमचा खेळ टक्केवारीवर चालणारा आहे. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा १९८१ चा खेळ या पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे: कौशल्याचा आकडा जितका, तितका किंवा त्याहून कमी आकडा शंभरपर्यंतच्या फाशावर पडला की काम जमले. बाईचे मोडी वाचन ७५, बारकाईने पाहणे ६५, कान देऊन ऐकणे ५०, पटवणे ३०, पोहणे २०. पटवणे मुद्दाम कमी ठेवले आहे, कारण तिचे शब्द आजवर नवऱ्याच्या तोंडून बाहेर पडत आले आहेत. स्वतः उभे राहून बोलण्याची वेळ तिच्यावर आता येणार आहे. पोहणे २० का, हे पुराच्या गोष्टीत वेगळे सांगायला नको.

काही खेळ स्वभावालाच नियमांत जागा देतात. ‘फेट’मध्ये पात्राची मूळ ओळख आणि त्याची अडचण ही दोन वाक्ये लिहावीच लागतात आणि ती अडचण स्वीकारून पात्राने स्वतःला गोत्यात आणले की बदल्यात गुण मिळतो. तुमच्या खेळात अशी सोय नसली तरी ही दोन वाक्ये लिहून पाहावीत.

नाव, हाक आणि बोलणे

नाव काळाला आणि घराला शोभणारे असावे. १९६१ मध्ये चौतिशीत असलेली बाई १९२७ च्या सुमारास जन्मली. तेव्हा वत्सला, कुमुद, शकुंतला, सुशीला अशी नावे ठेवत. आमच्या बाईचे माहेरचे नाव वत्सला आणि सासरी तिला सुधा म्हणतात. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडची पद्धत पात्रासाठी फार उपयोगी ठरते, कारण कोण कोणत्या नावाने हाक मारतो यावरून नाते उघड होते. नकलेखाली ती कोणते नाव लिहील, हा प्रश्न मी कागदावर वेगळा लिहून ठेवला आहे.

मराठीत खेळण्याचा मोठा फायदा संबोधनांमध्ये आहे. नवऱ्याला ‘अहो’, विद्यार्थ्याला ‘अरे’, हवालदाराला ‘साहेब’, कंडक्टरला पहिल्या बैठकीत ‘तुम्ही’ आणि चौथ्या बैठकीत एकदम ‘तू’: एवढ्याने टेबलावरचे सगळे सावध होतात. आवाज बदलण्यापेक्षा हे सोपे आहे आणि तीन तास टिकते. एखादा बोलण्याचा लकबीचा शब्द द्यायचा असेल तर एकच द्यावा. वत्सला मत देण्यापूर्वी ‘असेही लागते’ असे म्हणते, म्हणजे या वाक्याचा दुसरा अर्थही निघतो.

बोलीभाषा वापरताना मात्र जपावे. जी बोली आपण घरी ऐकलेली नाही तिची नक्कल चार वाक्यांत थट्टेवर येते आणि टेबलावर ती बोली घरी बोलणारे कोणी बसलेले असू शकते. जात आणि समाज यांचेही तसेच. पेठांतल्या जुन्या काळात खेळताना हे विषय टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. पण एखादे पात्र म्हणजे त्याच्या समाजाबद्दलच्या प्रचलित समजुतींची मोळी होत असेल तर ते नव्याने लिहावे. वत्सलेच्या दारी येणारा भाडेकरू कोण आहे, पुरात कोणाला आधी दोर मिळाला आणि कोणाला उशिरा, हे प्रश्न खेळात विचारायला हवेत आणि त्यासाठी गटाची तयारी सेशन झिरोमध्येच पाहायला हवी.

दिसण्याबद्दल थोडक्यात. दुसऱ्याला दुरून दिसेल अशी एक गोष्ट आणि जवळ आल्यावर कळेल अशी एक गोष्ट पुरते. वत्सलेच्या पदराच्या गाठीला भिंग बांधलेले असते; जवळ आल्यावर तिच्या हातांना ओल्या कागदाचा कुबट वास येतो.

आपलेच पात्र आहे ना, हे तपासा

मूळ कल्पना कुठून तरी उचललेलीच असते आणि त्यात गैर काही नाही. अडचण तेव्हा येते जेव्हा सगळे एकाच ठिकाणाहून उचललेले असते. आवडत्या मालिकेतल्या नायकाचे नाव बदलून आणले, तर प्रत्येक निर्णयाला ‘तो काय करील’ हेच मनात येते आणि खेळाडूचे स्वतःचे डोके बंद पडते. काम एका ठिकाणचे, हवी असलेली गोष्ट दुसरीकडची, लपवायची गोष्ट तिसरीकडची असे जुळवले की ओळखीचे कोणी उरत नाही. शेजारच्या किंवा नात्यातल्या खऱ्या माणसाला जसेच्या तसे टेबलावर आणू नये; त्याची एखादी सवय घ्यावी, त्याचे दुःख घेऊ नये.

कागदावर काय लिहावे

नियमांचे कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहायचा कागद, वेगळे असते. त्याशिवाय वहीचे अर्धे पान स्वतःसाठी ठेवावे. वत्सलेचे पान असे आहे:

वत्सला, सासरची सुधा, ३४, शनिवार पेठ. मोडी कागद उतरवते, सही नवऱ्याची. हवे ते: एका नकलेखाली स्वतःचे नाव, कोर्टात मान्य. आडवे येते ते: पाच वर्षांपूर्वी गाळलेली ओळ, मूळ कागद पुरानंतर मोकळा. करते ते: दोन्ही अर्थ लावते, कागद अर्धा सोडत नाही. करत नाही ते: घाईत होकार देत नाही. बोलते ते: ‘असेही लागते.’ देणे: तांबटाकडे घंगाळ. माहीत: कंडक्टरच्या घराची गोष्ट. मोकळा प्रश्न: भाडेकरू की नाव?

एवढे पुरते. खेळताना काय करावे ते सुचेनासे झाले की या पानाकडे पाहावे आणि ‘करते ते’ या ओळीतले काहीतरी करावे.

पहिल्या दोन बैठकांनंतर

पहिल्या दोन बैठकांत पात्र कागदावरच्यासारखे वागत नाही हे जवळजवळ ठरलेले असते. अबोल ठरवलेली बाई टेबलावर बोलकी निघते, ज्याच्याशी वैर ठरवले त्याच्याशी गट्टी जमते. अशा वेळी टेबलावर घडले तेच प्रमाण मानावे आणि कागद बदलावा. गेम मास्टरच्या संमतीने दुसऱ्या बैठकीनंतर एक-दोन कौशल्यांचे आकडेही बदलून घ्यावेत. बहुतेक गेम मास्टर त्याला आनंदाने तयार होतात. प्रत्येक बैठकीनंतर इतरांना एक प्रश्न विचारावा: आज माझ्या पात्राने केलेली कोणती गोष्ट आठवते? कोणालाच काही आठवत नसेल तर पुढच्या बैठकीसाठी गेम मास्टरकडे एक अवघड निवड मागून घ्यावी. कसोटीतला मोकळा ठेवलेला प्रसंग त्यासाठीच हाताशी असतो.

हवी असलेली गोष्ट मिळाली की दोन वाटा असतात. त्या मिळण्यातून उद्भवलेली नवी गरज लिहावी किंवा पात्राला खेळातून सन्मानाने बाजूला करावे. बाजूला करताना अर्धे पान गेम मास्टरच्या स्वाधीन करावे, म्हणजे वत्सला त्याच वाड्यात राहते आणि नव्या पात्राला एखादे खत वाचून घ्यायचे असले की त्याला तिच्याचकडे जावे लागते. तेव्हा ती ‘करते ते’ आणि ‘करत नाही ते’ या दोन ओळींप्रमाणे वागेल हे मात्र गेम मास्टरकडून कबूल करून घ्यावे.